होळकरांचा बाण जरा हळू ने

पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी एकदाच झाली, असं इतिहासाच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. मराठी घरांना हे मान्य नाही. मराठी घरात ती दर लग्नात, दर मुंजीत, पंगत उठल्यावर पान जुळवता जुळवता पुन्हा होते आणि तिथे आपण सहसा हरत नाही. चुन्याची डबी म्हणजे यमुना, अडकित्ता म्हणजे अब्दाली, सुपाऱ्या म्हणजे हुजुरात. कुणीतरी "भाऊसाहेबांनी त्या वेळी जर..." अशी सुरुवात करतो, चार सुपाऱ्या डावीकडून उजवीकडे सरकवतो, आणि अडकित्ता थेट कंदाहारला. मग उरलेलं सैन्य कातरून खाल्लं जातं.

आम्ही जबलपूरचे मराठी या विषयावर जरा जास्तच अधिकाराने बोलतो. पुणं आम्हाला लांब, पानिपतही जवळपास तितकंच लांब. तेव्हा आपण निःपक्षपाती आहोत अशी आमची समजूत. शिवाय हे गाव १७८१ पासून १८१७ पर्यंत मराठ्यांच्या अमलात होतं, आधी सागरकरांच्या आणि मग नागपूरच्या भोसल्यांच्या. ती छत्तीस वर्षं आमच्या बोलण्यात अजून चालूच आहेत. डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रज आले, पुढे त्यांनी रुंद रस्ते आणि ऐसपैस आवारं आखून सिविल लाइंस वसवली, आणि आता त्याच सिविल लाइंसमध्ये बसून आम्ही त्यांच्याआधीच्या लढाया लढतो. आवारं आक्रसली, बंगल्यांचे फ्लॅट झाले, पण सुपाऱ्या सरकवायला जागा कितीशी लागते?

सुपाऱ्यांचं युग आमच्या घरात संपलं ते पुतण्यामुळे. हा मुलगा गेमिंगचे व्हिडिओ बनवतो. म्हणजे आपण खेळतो आणि लोकांना बघायला लावतो. आमच्या काळी दुसऱ्याचा पत्त्यांचा डाव मागे उभं राहून बघणाऱ्याला रिकामटेकडा म्हणत; आता त्याला प्रेक्षक म्हणतात आणि त्याची मोजदाद होते. पुतण्याचा लाडका खेळ 'एम्पायर : टोटल वॉर', २००९ सालचा. त्यात १७०० सालापासून मराठ्यांचं राज्य चालवायला घेता येतं. खरोखरच्या १७०० साली साताऱ्याला औरंगजेबाचा वेढा पडला होता, मार्चमध्ये राजाराम महाराज गेले आणि ताराबाईंना कंबर कसावी लागली. पुतण्याच्या १७०० साली तो चहाचा कप ठेवायला जागा शोधत होता. खेळात एक चाल म्हणजे सहा महिने. बटण दाबलं की पावसाळा गेला, पुन्हा दाबलं की हिवाळा गेला. असं दाबत दाबत त्याने मराठ्यांचं आरमार युरोपात नेलं आणि लंडनवर भगवा लावला. "मग आता?" मी विचारलं. "वसूल नाही येत काका तिकडून," तो म्हणाला. "लोक बंड करतात फार." पुण्याहून दिल्लीचा कारभार चालवणाऱ्यांचीही हीच तक्रार होती, एवढं मी त्याला सांगितलं.

अडचण अशी की खेळातली लढाई बघणाऱ्याला कळत नाही. पडद्यावर धूळ, धूर आणि हजारो बारकी माणसं. कोण कुणाला मारतोय हे मारणाऱ्यालाही ठाऊक नसावं. म्हणून लढाईच्या आधी नकाशा दाखवायचा. त्यावर चौकोनी ठोकळे म्हणजे फौजा, बाण म्हणजे त्यांच्या हालचाली, मागे ढोल-ताशा आणि वर खर्जातला आवाज. याला 'अ‍ॅनिमेटेड बॅटल मॅप' म्हणतात. तीन मिनिटांचा नकाशा पाहिला की कुणालाही आपण सेनापती असल्यासारखं वाटतं. मराठी माणसाला ते नकाशा न पाहताही वाटतं, हा भाग वेगळा.

खरं तर या कलेत आपण मुळीच नवखे नाही. दर दिवाळीला मराठी पोर अंगणात किल्ला करतं, तो काय असतो? तो न हलणारा बॅटल मॅपच. त्याच्यावर आळीव पेरून उगवलेलं अरण्य असतं, तळ्याच्या जागी फुटका आरसा असतो, आणि सिंहासनावरचे महाराज अख्ख्या बुरुजाएवढे असतात, कारण प्रमाण हे आदराने ठरतं, फुटपट्टीने नव्हे. पायथ्याशी मावळे, तोफा, एक गवळण, एक वाघ आणि मावळे कमी पडले म्हणून भरती केलेला बॅटधारी क्रिकेटपटू. पुतण्याचे लहानपणीचे किल्ले मी पाहिले आहेत. आज तो ज्याला 'अ‍ॅसेट लायब्ररी' म्हणतो ती तेव्हा बुटाच्या खोक्यात असायची.

युरोपात हाच उद्योग गणवेश घालून झाला. १८२४ साली प्रशियाच्या तोफखान्यातल्या फॉन राइस्विट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने 'क्रीगस्पील' नावाचा युद्धखेळ सैन्यापुढे ठेवला. १:८००० प्रमाणाचा नकाशा, त्यावर ठोकळे. आपले निळे, शत्रूचे लाल. आणि एक चाल म्हणजे दोन मिनिटं. दोन मिनिटांत फौज जितकी चालेल तितकाच ठोकळा सरकवायचा, पंचाच्या देखरेखीखाली. त्या दोन मिनिटांचे पुतण्याच्या खेळात सहा महिने झाले. प्रगती झाली ती अशी.

आता नकाशा करायचा कसा, ते सांगतो, कारण हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत आमच्या पुढच्या खोलीत घडतं. पुतण्याचा एक जोडीदार आहे, अस्सल जबलपुरी. तो दारातून "काय बड्डे" अशी आरोळी ठोकतो, चप्पल उंबऱ्यावर सोडतो आणि शत्रुपक्ष सांभाळतो. जयंती कॉम्प्लेक्समधून दोघांनी मिळून एक ग्राफिक कार्ड आणलं. त्याचा पंखा सुरू झाला की वहिनी गॅस बंद आहे का ते बघून येतात. आधी जमीन तयार करायची. ती फुकट मिळते. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेचं 'एंडेव्हर' यान अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरलं आणि रडारने बहुतेक सगळ्या जमिनीची उंची मोजून आलं. ती मोजमापं 'क्यूजीआयएस' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये कापायची, 'ब्लेंडर' नावाच्या दुसऱ्यात ओतायची, की डोंगरदऱ्या उभ्या. मात्र आहेत तशा उंचीचे डोंगर पडद्यावर दिसतच नाहीत, म्हणून उंची पाचपट-दहापट करायची प्रथा आहे. त्यामुळे व्हिडिओतला सह्याद्री पाहून शायिस्ताखान आलाच कसा असं वाटतं.

पहिला नकाशा त्यांनी घरचा घेतला. राणी दुर्गावतीचा शेवटचा संग्राम, २४ जून १५६४, नर्रई नाल्यापाशी. जबलपुरात ही लढाई कुणाला माहीत नाही असं होत नाही. विद्यापीठ राणीच्या नावाचं, संग्रहालय राणीच्या नावाचं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला गौर आणि नर्मदा, मधल्या अरुंद वाटेवर राणी 'सरमन' हत्तीवर, आणि समोर अकबराचा सरदार आसफखान. पहिल्या दिवशी तिने मोगलांना मागे रेटलं. रात्रीच छापा घालू, असं तिचं म्हणणं होतं. सरदारांनी ऐकलं नाही. सकाळी आसफखानाच्या तोफा येऊन पोचल्या. अ‍ॅनिमेशनसाठी याहून नेमकी लढाई सापडणं कठीण.

जमीन तयार झाली, पाणी भरलं, आणि दोघं पडद्याकडे पाहत गप्प झाले. राणीच्या मुलखात दक्षिणेला एक अवाढव्य सरोवर पसरलं होतं.

"ये का है बड्डे?" जोडीदार म्हणाला.

ते बरगी धरण होतं. यान फिरलं २००० साली, धरण पुरं झालं १९९० मध्ये. रडारला १५६४ शी काय देणंघेणं? आसफखानाच्या घोडदळाचा एक बाण बेधडक पाण्यावरून चालत होता. मी सुचवलं की बरगीला आता पर्यटकांसाठी बोटी असतात, त्यातून आणा. पुतण्याने ते मनावर न घेता जुने नकाशे काढले आणि रात्रभर बसून माउसने धरण उपसलं. सरकारला जे बांधायला सोळा वर्षं लागली, ते पोराने पहाटेपर्यंत मोडून नर्मदा मोकळी केली. तेव्हा मला या धंद्याबद्दल पहिल्यांदा थोडा आदर वाटला.

पानिपतला नेमकी उलट पंचाईत. तिथली उंची दहापट करा नाहीतर शंभरपट, जमीन पोळपाटासारखी सपाट. त्यामुळे त्या नकाशात सगळी करामत ठोकळ्यांनीच करायची, आणि इथे माझा त्या दोघांशी पहिला खटका उडाला.

मी गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झालो. जबलपूरचा हा कारखाना १९०४ चा. नावाप्रमाणे त्याचं मूळ काम तोफेचं नव्हे, तोफ ज्याच्यावर बसते त्या गाड्याचं. लोक तोफेकडे बघतात. आम्ही चाकाकडे, आसाकडे, कडीकडे. एप्रिल २०१९ मध्ये इथून पहिल्या सहा 'धनुष' तोफा लष्कराच्या हवाली झाल्या. १५५ मिलिमीटरची ती तोफ सुमारे तेरा टनांची. ती अडतीस किलोमीटरवर गोळा टाकते हे वर्तमानपत्रांनी छापलं. तेरा टन चिखलातून कसे न्यायचे हा प्रश्न आमच्यासारख्यांसाठी ठेवला. असा मी, आणि माझ्यासमोर पडद्यावर इब्राहिमखान गारदीच्या तोफा घरंगळत्या गोट्यांसारख्या दिल्लीहून पानिपतला येऊन थांबल्या. सव्वा सेकंदात. पुढे एकही बैल नाही.

"बैल कुठायत?"

"काका, कीफ्रेम आहे ती."

मग त्याने मला कीफ्रेम समजावून दिली. या क्षणी बाण इथे आणि त्या क्षणी बाण तिथे, एवढंच आपण सांगायचं. मधला सगळा प्रवास संगणक आपणहून भरून काढतो. किती सोपं, म्हणाला. मी म्हटलं, बाळा, माझी सगळी नोकरी त्या मधल्या प्रवासात गेली.

हे मी त्याला टाकून बोललो नव्हतो. लढाई म्हणून आपण जे सांगतो ते दोन कीफ्रेमचंच असतं: भाऊसाहेब इथून निघाले आणि तिथे पोचले. पण परतूर ते पानिपत सरळ रेषेत मोजलं तरी हजार किलोमीटरच्या वर भरतं. मार्च १७६० मध्ये निघालेली फौज ऑगस्टमध्ये दिल्लीत, ऑक्टोबरमध्ये कुंजपुऱ्याला, आणि मग अब्दाली बागपताला यमुना उतरून पाठीशी आल्यावर पानिपतात अडकून. तिथे अडीच महिने दोघे समोरासमोर. लढणाऱ्यांच्या मागे न लढणाऱ्यांचा लोंढा: बायका, यात्रेकरू, वाणी, सराफ, आचारी. दाणा संपत चाललेला, थंडी वाढत चाललेली. या अडीच महिन्यांचे पुतण्याच्या नकाशात किती सेकंद? तीन. त्यातही पडद्यावर काही हलत नाही म्हणून वर उगाच एक घार फिरवली होती.

रंगांचं प्रकरण त्याहून नाजूक. पोरांनी सरळ हिशेब केला होता: मराठे भगवे, अब्दाली हिरवा. मी म्हटलं, बरं, इब्राहिमखान गारदी? तो भाऊसाहेबांचा, त्याचे गारदी त्या दिवशी रोहिल्यांना पुरून उरले, म्हणजे भगवा. ठीक. मग शुजाउद्दौल्याच्या फौजेतले अनूपगिरी गोसावी? नागा साधू ते, अंगाला राख फासलेले, आणि लढले अब्दालीच्या बाजूने. त्यांना हिरवा रंग द्यायला पुतण्याचा हात धजेना. आणि काशीराज पंडित? आपला दख्खनी ब्राह्मण, पण नोकरी शुजाकडे. लढाई त्याने पलीकडून पाहिली आणि तिची फारसीत हकिगत लिहिली, जिच्यावाचून पानिपतच्या अभ्यासकाचं पान हलत नाही. जोडीदार वैतागून म्हणाला, "काका, सबको ग्रे कर देते हैं." ऐतिहासिकदृष्ट्या तो तोडगा बरोबर होता. पण करड्या ठोकळ्यांची करड्या ठोकळ्यांशी लढाई कोण बघणार? शेवटी निळा-लाल ठरला. प्रशियाकरांनी दोनशे वर्षांपूर्वी असाच वाद टाळला असेल.

मग रेंडर. नकाशा तयार झाला तरी तो व्हिडिओ झालेला नसतो; संगणक एकेक चित्र रंगवून काढतो. तीन मिनिटं, सेकंदाला तीस चित्रं, म्हणजे ५४०० चित्रं. एकेका चित्राला वीस सेकंद धरले तर सरळ तीस तास. खुद्द लढाई सकाळी सुरू झाली ती दिवस मावळायच्या आत आटोपली होती. त्या तीस तासांत घरात इस्त्री लावायची नाही, मिक्सर चालवायचा नाही, आणि मे महिन्याच्या जबलपुरात कूलरकडे आशाळभूतपणे नुसतं बघायचं. वहिनींनी एकदा चटणी वाटायला मिक्सर लावला आणि विश्वासराव घोड्यासकट गोठले. चटणी कांदा-लसणाची, माहेरच्या कोल्हापुरी मिरचीची. तिच्यापुढे कुणाची बोलायची टाप नव्हती. पुन्हा तीस तास.

असा तो नकाशा सिद्ध झाला आणि आमच्याकडे मुंज आली.

मध्य प्रदेशातल्या मराठी घरात कार्य निघालं की मराठा मंडळच जमतं, हे पुण्या-मुंबईच्या लोकांना समजणार नाही. पुण्यात नातेवाईक कोथरूड आणि सदाशिव पेठेतून येतात. आमच्याकडे इंदूरहून आत्या ओव्हरनाइट एक्स्प्रेसने उतरते, ग्वाल्हेरहून भाऊजी येतात, धारहून मामा, बडोद्याहून मावसभाऊ, नागपूरहून व्याही. स्टेशन सिविल लाइंसला खेटून, त्यामुळे सगळे उतरतात आमच्याकडेच. वरण-भात, मठ्ठा आणि वर खोव्याची जिलेबी झाल्यावर कुणीतरी सवयीने पानाचं तबक पुढे ओढलं. "थांबा," पुतण्या म्हणाला, आणि त्याने भिंतीवरच्या टीव्हीला वायर जोडली.

पहिला मिनिटभर सगळे खूश. ढोल वाजले, मराठी फौजेचा गोल सरकला, गारद्यांनी रोहिले कापले. विठ्ठल शिवदेव विंचूरकर आणि दमाजी गायकवाड गोल मोडून पुढे घुसले तेव्हा बडोद्याचा मावसभाऊ सावरून बसला.

"हे पुढे घुसले म्हणजे काय? चुकले असं म्हणायचंय का तुला?"

"काका, त्यांच्यामुळे मागच्या गारद्यांचा मारा थांबला ना."

"शौर्य होतं ते. बाणाला चमक दे."

ग्वाल्हेरच्या भाऊजींचं म्हणणं पडलं की शिंद्यांचा ठोकळा होळकरांच्या ठोकळ्याएवढाच कसा. जनकोजी पकडले जाऊन मारले गेले, तुकोजी पडले, महादजींच्या पायावर घाव बसला, राणेखान भिस्त्याने त्यांना बैलावर घालून वाचवलं. एवढं झालेल्या घराण्याला ठोकळा मोठा नको? धारच्या मामांनी यशवंतराव पवारांचं नाव ठोकळ्यावर नाही हे दोनदा वाचून खात्री केली आणि मग जिलेबीचं ताट बाजूला ठेवलं. आमच्याकडे याचा अर्थ युद्धघोषणा असा होतो.

आणि मग दुपारचे दोन वाजले, म्हणजे व्हिडिओतले. विश्वासरावांना गोळी लागली, मधला ठोकळा थरथरला, आणि उजव्या टोकाचा निळा बाण सुर्रकन नकाशाबाहेर गेला.

खोलीत शांतता. आत्याने चष्मा काढला, पुसला, घातला.

"तो कोण गेला रे?"

"मल्हारराव होळकर, आजी."

"इतक्या घाईने?"

पुतण्या काही बोलेना. आत्याने त्याला समजावून सांगितलं की मल्हारराव पळाले हे पुण्यात म्हणतात. भाऊसाहेबांनीच त्यांच्या हवाली बायकामाणसं केली होती, हे इंदुरात शेंबडं पोरही सांगेल. "बायकामाणसं बरोबर असली की कुणी असं पळतं का? होळकरांचा बाण जरा हळू ने."

आता या सॉफ्टवेअरमध्ये 'ईझ' नावाची एक सोय आहे. ती लावली की बाण अलगद सुटतो, मध्ये वेग धरतो आणि अलगद थांबतो. पानिपतावरून अलगद कुणी निघालं असेल असं शेजवलकरांच्या 'पानिपत : १७६१' मध्ये मला तरी आढळलं नाही, पण पुतण्याने आत्याच्या देखत होळकरांना 'ईझ' लावलं. मल्हारराव हवा खायला निघाल्यासारखे नकाशाबाहेर गेले. आत्याने मान डोलावली. ग्वाल्हेरच्या भाऊजींनी छताकडे पाहिलं.

नागपूरच्या व्याह्यांनी एवढ्या वेळात एक शब्द काढला नव्हता. आता त्यांनी घसा साफ करून विचारलं, "आमचे कुठे आहेत?" जानोजी भोसले पानिपतावर नव्हतेच, हे त्यांना सांगायचं कुणी? मुलीकडचे पडले. पुतण्या म्हणाला, "आबा, तुमचा बाणच नाहीये यात." व्याही क्षणभर विचार करून म्हणाले, "मग नकाशा जरा खाली ओढ. निदान नागपूर तरी दिसू दे."

सगळ्यांच्या सूचना झाल्यावर मीही माझी मांडली. १८६९ मध्ये मिनार नावाच्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या फ्रेंच इंजिनिअरने नेपोलियनच्या रशियावरच्या स्वारीचा नकाशा काढला. त्यात बाण-बिण नाही, एक पट्टा आहे. दहा हजार माणसांना एक मिलिमीटर जाडी. सरहद्दीवर ४ लाख २२ हजारांचा जाडजूड पट्टा, मॉस्कोला पोचेतो १ लाखाचा, आणि थंडीतून परत येताना १० हजारांचा, म्हणजे पेन्सिलीची रेघ. म्हटलं, तुझा बाण परतूरला जेवढा जाड तेवढाच पानिपतला कसा? अडीच महिने उपास काढल्यावर कंबर बारीक होत नाही का? आणि ती रसद पोचवायची ज्यांच्या गळ्यात होती ते गोविंदपंत बुंदेले, खेर मूळचे, बुंदेलखंडातून दाणा-पैसा गोळा करणारे, ते डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले आणि तिथेच पुढचं सगळं ठरलं. त्यांना एक ठोकळासुद्धा नाही? सागर वसवलं त्यांनी, जबलपूर घेतलं त्यांच्या वारसांनी!

मी इतकं पोटतिडकीने बोललो की खोलीत सगळ्यांचे चेहरे गंभीर झाले. मग आत्या म्हणाली, "याचं आजोळ सागरचं ना." त्यावर सगळे हसले आणि माझी सूचना इतर सूचनांच्या ओळीत जाऊन बसली.

तरी पोराने ती करून पाहिली, हे खरं. रात्री बाणाला जाडी कमी होत जाणारी करून दिली. परतूरला अंगठ्याएवढी, दिल्लीला करंगळीएवढी, पानिपतला पोचेपर्यंत दोरा. जोडीदार म्हणाला, "गजब है काका, पर दिखता नहीं है." खरंच दिसत नव्हता. मोबाइलवर तर फौज पोचलीच नाही असं वाटत होतं. बाण पुन्हा जाड झाला.

सगळ्यांच्या दुरुस्त्यांसह, म्हणजे चमकते गायकवाड, मोठे शिंदे, नावासकट पवार, रमतगमत होळकर, कोपऱ्यात नागपूर आणि तळटिपेत गोविंदपंत, असा नकाशा पुन्हा तीस तास शिजला. या आवृत्तीत पानिपत कोण हरलं ते शोधूनही सापडत नाही. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलेलं दिसतं. फक्त शेवटी लाल ठोकळे उरतात.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ठरलं की पुढचा नकाशा भांडणाचा नको. आपण जिंकलेली एखादी घे. मी पालखेड सुचवली, आणि या कलेचा म्हणून काही न्याय असेल तर पहिला नकाशा तिचाच व्हायला हवा होता. १७२७-२८ ची मोहीम. निजाम जड तोफा घेऊन पुण्याकडे, बाजीराव नुसती घोडी घेऊन जालन्याकडून बऱ्हाणपूरची हूल देत थेट गुजरातेत. निजाम पाठलागाला निघतो, कंटाळतो, पुण्यावर येतो. बाजीराव वळून औरंगाबादेकडे झेपावतो. निजाम तोफखाना मागे टाकून धावतो आणि वैजापूरजवळ पालखेडला अशा जागी सापडतो की प्यायला पाणी नाही. मोठी लढाई अशी होतच नाही. ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह. इंग्रजांच्या फील्डमार्शल माँटगोमेरींनीही आपल्या युद्धेतिहासात या मोहिमेची तोंड भरून तारीफ केली आहे. अशी लढाई ठोकळ्यांनी दाखवताच येत नाही, ती बाणांचीच. आणि मधला प्रवास हीच सगळी लढाई, त्यामुळे माझीही तक्रार उरत नव्हती.

खोलीत एकमत झालं, ही आमच्या कुळाच्या इतिहासातली नोंद घेण्यासारखी गोष्ट. मल्हारराव होळकर बाजीरावांबरोबर होते, आत्या खूश. राणोजी शिंदे होते, भाऊजी खूश. आत्या आणि भाऊजींनी एकमेकांना बिस्किटं दिली. पुतण्याने तिथल्या तिथे लॅपटॉप उघडून रंग भरायला घेतले: मराठे भगवे, निजाम हिरवा, कुठे गुंता नाही.

वहिनी कपबश्या गोळा करत होत्या. त्या टीव्हीजवळ थांबल्या.

"निजामाच्या छावणीत आमचे कोल्हापूरचे संभाजीराजे होते ना रे? पुण्यात निजामाने त्यांनाच छत्रपती म्हणून बसवलं होतं."

आत्याने बिस्किट अर्ध्यावर ठेवलं. जोडीदार हळूच म्हणाला, "लो बड्डे."

"हो आई, होते," पुतण्या म्हणाला.

"मग त्यांना कुठला रंग देणारेस?"

पुतण्याने माझ्याकडे पाहिलं. मी वर्तमानपत्र उघडलं. त्याने जोडीदाराकडे पाहिलं. तो चप्पल शोधायला लागला होता. शेवटी त्याने पडद्यावर रंगांचं ते मोठं चाक उघडलं आणि आईला समजावत म्हणाला, "आई, यात एक कोटी सदुसष्ट लाखांच्या वर रंग आहेत. एखादा सापडेलच."

"शोध," वहिनी म्हणाल्या, आणि कपबश्या घेऊन आत गेल्या.